तळ्याकाठचे मुक्काम : निवासी मोटारीतून भंडारा जिल्हा

समुद्र ज्याच्या नशिबी नाही अशा जिल्ह्यात सहकुटुंब किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करावा, ही सूचना प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. आणि राज्य शासनाने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून निवासी मोटारीचे नाव निघताच मन कोकणाकडे धावते, हेही स्वाभाविक आहे. परंतु कोकणातल्या अरुंद घाटवळणांवर असली अवजड गाडी हाकण्याचा शीण ज्यांनी सोसला असेल, त्यांनी नागपूरहून सुमारे साठ किलोमीटर पूर्वेस येऊन वैनगंगेच्या खोऱ्यातील सपाट मुलूख एकदा पाहावा. नदी, तिच्या धरणाचा विस्तीर्ण फुगवटा आणि गावोगावचे तलाव मिळून येथे पाण्याचा एवढा काठ आहे, की रोज नव्या जलाशयाजवळ मुक्काम टाकायचा म्हटले तरी सुटी अपुरी पडावी.

या तलावांची हकीकत ठाऊक असल्याशिवाय त्यांच्या काठी उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजाने धानाच्या सिंचनासाठी मातीच्या पाळी घालून ते बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले, आणि १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच बोलण्यातले ‘मामा तलाव’, झाले. गावाचा निस्तार, गुरांचे पाणी, धानाची बांधी आणि ढीवरांची मासेमारी हे सारे त्या एका पाण्यावर चालते. म्हणून गाडीतल्या मोरीचे साबणाचे पाणी तलावात सोडणे हा निव्वळ गलिच्छपणा नसून दुसऱ्याच्या पाणवठ्यावरचे अतिक्रमण आहे. त्याचप्रमाणे, पाळीवर सावली कितीही दाट असली आणि वाट कितीही रुंद दिसली, तरी सहा-सात टनांची मोटार तेथे चढवू नये. मातीचे ते काम अशा भारासाठी झालेले नाही. पाणी सोडण्याचे तुडूम आणि जादा पाणी वाहून जाण्याचे सलंग, या दोन ठिकाणांपासून मुलांना दूर ठेवावे. गाडी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत, सरपंचांना अथवा पोलीस पाटलांना विचारून उभी करावी आणि पाण्यापर्यंत पायी जावे. अनोळखी गाडी सूर्यास्तानंतर गुपचूप येऊन उभी राहिली म्हणजे गावाला जो संशय येतो, तो दिवसाउजेडी मागितलेल्या परवानगीने मुळातच उत्पन्न होत नाही.

प्रवासाचा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा धरावा. त्या दिवसांत तलाव भरलेले असतात, चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदके उतरलेली असतात, आणि रात्री पत्र्याच्या गाडीत झोप लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा तीच गाडी भट्टी होते. पावसाळा तर सर्वथा वर्ज्य समजावा. ऑगस्ट २०२० अखेरीस वैनगंगेच्या महापुराने भंडारा शहरासह काठची गावे पाण्याखाली घातली होती. हिवाळ्यातही एक पथ्य आहे : धानाच्या हंगामात आडरस्त्यांवर मळणी चालते आणि मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर अंधारात अकस्मात पुढ्यात येतात, म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी चाके थांबलीच पाहिजेत.

पहिला मुक्काम पवनीस करावा. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे जाणारा हा रस्ता नदीला फारसे अंतर देत नाही. प्राचीन तटाच्या अवशेषांनी वेढलेल्या या गावी १९६९-७० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. त्यांपैकी जगन्नाथ टेकडीवर मुलांना घेऊन जावे आणि साऱ्या सनावळ्या सांगण्याचा मोह टाळावा. गावातल्या जुन्या बोळांत मोटार शिरणार नाही. ती वेशीबाहेर ठेवून घाटांपर्यंत चालत जाणेच श्रेयस्कर. पवनीजवळच गोसेखुर्द धरण आहे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाचे ३३ दरवाजे पाहताना, त्याच्या फुगवट्याखाली गेलेल्या गावांचे स्मरण ठेवणे उचित होय. धरणाच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रात मुळीच उतरू नये, कारण विसर्ग वाढला म्हणजे पाणी चढण्यास अवधी लागत नाही. वरच्या अंगाला ओसरलेल्या काठाची काळी जमीन कोरडी भासली तरी चाके गिळते. शिवाय नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांवाटे वैनगंगेला मिळत असल्यामुळे, येथले निळे पाणी डोळ्यांनीच प्यावे. टाकी भरायची ती नळाच्या पाण्याने, आणि पिण्याचा साठा निराळा बाळगावा.

दुसरा मुक्काम साकोलीकडे. कारधा येथे वैनगंगा ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ५३ लाखनीवरून साकोलीस जातो. या प्रवासातला हाच सर्वांत निर्धोक रस्ता असून डिझेल, वाणसामान आणि चाकाची दुरुस्ती यांची तजवीज येथेच करून घ्यावी. साकोलीजवळच्या शिवनीबांध तलावाला एक संपूर्ण सकाळ द्यावी. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास बिघडत नाही. नागझिरा अभयारण्याचे पिटेझरी प्रवेशद्वार याच बाजूस आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली घोषित झाला. त्यात निवासी मोटारीला प्रवेश मिळेल या भ्रमात राहू नये. वनखात्याचे आगाऊ आरक्षण करून, नोंदणीकृत वाहनातून आणि वाटाड्यासोबतच आत जाता येते. जंगलाच्या कडेला रात्री गाडीबाहेर शेकोटी पेटवून बसण्याची हौस येथे पुरवू नये. वाघाइतकेच वणव्याचेही भय आहे.

उत्तरेकडे तुमसर तालुक्यात चांदपूरचा जलाशय, सातपुड्याच्या पायथ्याचे गायमुख आणि भोसल्यांच्या काळात कैदखाना म्हणून वापरला गेलेला आंबागड किल्ला, एवढे एका दिवसात होते. महाशिवरात्रीला गायमुखाकडे मोठी यात्रा असते. त्या दिवशी मोटार तुमसरलाच ठेवावी. तांदळाच्या या पेठेत भौगोलिक मानांकन लाभलेला सुवासिक चिन्नोर मिळाला तर अवश्य घ्यावा आणि गाडीतल्या शेगडीवर त्याच रात्री शिजवावा. सिलिंडर मात्र झोपण्यापूर्वी बंद करून खिडकीची एक फट उघडी ठेवावी, आणि डासांची जाळी फाटलेली नाही याची खातरजमा नागपूर सोडण्यापूर्वीच केलेली असावी, कारण तळ्याकाठचे डास शहरातल्या कोणत्याही उदबत्तीला जुमानत नाहीत.