चावडीवरच्या पाटीवर नावे का नाहीत?

प्रश्न : आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धात गावातून किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत, एवढे दोन आकडे तिच्यावर इंग्रजीत कोरलेले आहेत. नाव मात्र एकाचेही नाही. ही माणसे कुठे लढली असतील? त्यांची नावे आज सापडतील का? शिवाय गावातली पोरे विचारतात, इंग्रजांच्या लढाईत गेलेल्यांची आठवण आपण का ठेवायची? त्यांना काय सांगू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : अशा पाट्या सातारा आणि कोकणातल्या बऱ्याच गावांत आहेत. मजकूर ठरलेला: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बदलतात ते फक्त आकडे. तुमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या ४६ जणांनी त्या युद्धात प्राण दिले. ते गाव आज ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पाटी गावाला मिळाली, माणसाला नाही. म्हणून तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

तुमच्या गावची माणसे मराठा पलटणीत असतील, तर ती बहुधा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढली. तिथे गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली. तिथून मागे हटलेली फौज तैग्रिस नदीकाठच्या कूत या गावात अडकली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला, तो पुढे जवळपास पाच महिने टिकला.

त्या वेढ्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. गावात धान्य होते, पण दळायची सोय अपुरी होती. म्हणून विमानातून दळणाचे दगड खाली टाकण्यात आले. पहाटे आईच्या जात्याच्या घरघरीने जागी होणारी आपल्याकडची पोरे त्या परक्या मुलखात आभाळातून आलेल्या दगडांवर दळलेल्या जवाच्या पिठावर दिवस काढत होती. पुढे तेही मापून मिळू लागले. घोडे कापले जाऊ लागले, तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारले. अंगावर स्कर्व्ही उठली, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा नदीकाठचा रानपाला शोधून शिजवला. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण आली. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. सेनापती टाउनशेंड यांना कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवले गेले. साध्या शिपायांना आणि नोकरचाकरांना वाळवंटातून चालवत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपले. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले.

आता नावांचे. मेसोपोटेमियात मेलेल्या, पण ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी सुभेदार-जमादारांचीही कोरली. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. म्हणजे तुमच्या चावडीवर जे झाले, तेच बसऱ्यातही झाले.

पण दगडावर नसलेली नावे वहीत होती. त्या नोंदी आज आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. कित्येकांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. शोधताना गावाच्या नावाची दोन-चार इंग्रजी स्पेलिंगे करून बघा. साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असते. आडनाव बऱ्याचदा गाळलेले असते, तेव्हा बापाच्या नावावर नजर ठेवा. कोकणातला माणूस जहाजावर खलाशी असेल, तर मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहातले स्मारक पाहा. तिथे दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची नोंद आहे.

घरोघरीही विचारा. देव्हाऱ्यात किंवा ट्रंकेत रुपयापेक्षा मोठे चांदीचे पदक असेल, तर त्याची कड उजेडात धरून फिरवा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण त्या कडेवर बारीक अक्षरांत ठसवलेली असते. पदक काशाचे निघाले तरी बाजूला टाकू नका. लढाऊ नसलेल्या कामगार-नोकरांना तसे दिले गेले होते. पाणके, खेचरवाले, डोलीवाले हेही त्याच आकड्यात धरा. महारवाड्यातल्या घरांत आवर्जून जा. महारांची भरती इंग्रजांनी बंद केली होती. युद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली.

पोरांना काय सांगायचे? शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. कोरडवाहू जमिनीवर पोट भरेना, म्हणून माणसे पलटणीत गेली. युद्ध साम्राज्याचे होते, हे त्यांना सरळ सांगा. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार मेली. त्याची परतफेड म्हणून १९१९ मध्ये जालियनवाला बाग झाली, हेही सांगा. आपण साम्राज्याचा गौरव करत नाही. साम्राज्याने ज्यांना मोजले आणि ओळखले मात्र नाही, त्यांना आपण ओळखतो आहोत. ते कुणाचे तरी चुलत पणजोबा होते, आणि त्यांची वाट पाहत कुणीतरी म्हातारे झाले.

जुनी पाटी काढू नका. तिच्याखाली मराठीत दुसरी लावा: नाव, बापाचे नाव, वाडी, पलटण. सापडेल तसे एकेक नाव कोरा, आणि वरचा आकडा जुळेपर्यंत खालची जागा मोकळी ठेवा.