परकीय किडीच्या जोखमीचे मूल्यमापन : पपईवरील पिठ्या ढेकणाचा धडा

जुलै २००८ मध्ये तामिळनाडूतील कोईम्बतूर परिसरात पपईच्या झाडांवर कापसासारख्या पांढऱ्या थराने झाकलेली एक कीड आढळून आली. पाने पिवळी पडून आकसत होती आणि खोडावर व फळांवर चिकट द्रव पसरून त्यावर काळी बुरशी वाढत होती. पॅराकोकस मार्जिनेटस या शास्त्रीय नावाची ही कीड, म्हणजेच पपईवरील पिठ्या ढेकूण, त्यापूर्वी भारतात नोंदली गेलेली नव्हती. पुढील दोन-तीन वर्षांत ती कर्नाटक, केरळ, महाराष्ट्र आदी राज्यांत पोहोचली. अनेक शेतकऱ्यांनी एकामागून एक कीडनाशके फवारली, तरी कीड पुन्हा उद्भवत राहिली आणि अखेरीस कित्येकांना बागा काढून टाकाव्या लागल्या.

या किडीचे मूळस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका हे आहे. तिचे शास्त्रीय वर्णन १९९२ मध्ये झाले. मूळ प्रदेशात ती फारशी गंभीर कीड मानली जात नव्हती, कारण तेथील परजीवी मित्रकीटक तिची संख्या मर्यादित ठेवत होते. एखादी कीड तिच्या मायदेशात किती नुकसान करते, एवढ्यावरून नव्या देशातील तिचा धोका ठरवता येत नाही, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

जोखीम म्हणजे काय?

आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारांतर्गत कीड-जोखीम विश्लेषणाची मानके निश्चित करण्यात आली आहेत. भारतात वनस्पती संगरोध आदेश, २००३ अन्वये होणाऱ्या आयातीच्या नियमनाचा आधारही असेच विश्लेषण असते. त्याचा गाभा चार प्रश्नांत सामावलेला आहे. कीड येथे येऊ शकेल काय? आल्यास टिकू शकेल काय? टिकल्यास पसरेल काय? आणि पसरल्यास हानी किती होईल?

ही चार उत्तरे साखळीच्या कड्यांसारखी असतात, त्यामुळे त्यांची केवळ बेरीज करून भागत नाही. प्रवेशाचा मार्गच बंद असेल, तर हानीची क्षमता कितीही मोठी असली तरी एकूण जोखीम कमी राहते. उलटपक्षी, चारही कड्या मध्यम बळाच्या असल्या तरी साखळी पूर्ण होते.

प्रवेश : पिठ्या ढेकणाची मादी पंखहीन असते. ती स्वतः समुद्र ओलांडू शकत नाही. मात्र रोपे, कलमे, फळे आणि शोभेच्या वनस्पती यांवरून तिची अंडी व पिल्ले सहज वाहून नेली जातात. १९९० च्या दशकात ती कॅरिबियन बेटांवर, १९९८ मध्ये फ्लोरिडात, २००२ मध्ये ग्वाममध्ये, २००४ मध्ये हवाईत आणि २००८ मध्ये श्रीलंकेत आढळली. अशी क्रमवार आगेकूच हा प्रवेशाचा सर्वांत बोलका इशारा असतो. भूमध्य फळमाशी भारतात अद्याप प्रस्थापित झालेली नाही. तिच्या अळ्या फळाच्या आत दडलेल्या असल्याने प्रवाशाच्या पिशवीतील एखादे फळदेखील तिच्या प्रवेशाचा मार्ग ठरू शकते.

प्रस्थापना : येथे हवामान आणि खाद्यवनस्पती या दोन बाबी तपासाव्या लागतात. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात या किडीची एक पिढी साधारणतः महिनाभरात पूर्ण होते. दक्षिण व पश्चिम भारतातील हवामान तिला वर्षाचा बराच काळ मानवते. तिच्या खाद्यवनस्पतींत पपईबरोबरच तुती, टॅपिओका, जास्वंद, कपाशी आणि गाजरगवत यांचाही समावेश होतो. गाजरगवत तर रस्त्याच्या कडेपासून पडीक जमिनीपर्यंत सर्वत्र आढळते. म्हणून बागेतील पपई काढून टाकली तरी बांधावरील तणांत कीड जिवंत राहते. केवळ मुख्य पिकाचे क्षेत्र विचारात घेऊन केलेले मूल्यमापन या ठिकाणी फसते.

प्रसार : नुकतीच अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले अत्यंत हलकी असतात. ती वाऱ्याबरोबर, मजुरांच्या कपड्यांवरून, अवजारांवरून व वाहतुकीच्या साधनांवरून पसरतात. चिकट गोड द्रवासाठी येणाऱ्या मुंग्या त्यांना एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात आणि मित्रकीटकांनाही दूर ठेवतात. शिवाय बाधित रोपवाटिकेतून निघालेली रोपे कीड एकाच दिवसात शेकडो किलोमीटर अंतरावर पोहोचवू शकतात.

हानी : नुकसानीचा हिशेब केवळ पपईच्या उत्पादनापुरता करणे अपुरे ठरले. या किडीने टॅपिओका व तुती या पिकांनाही झळ पोहोचवली. तुतीवर कीडनाशक फवारल्यास ती पाने खाणाऱ्या रेशीम अळ्यांनाच धोका निर्माण होतो. म्हणजे कीड असली तरी फवारणीचा पर्याय रेशीम उत्पादकाला सहजासहजी खुला नव्हता. पपईवरही मेणचट आवरणामुळे फवारणीचा परिणाम मर्यादित राहिला, तर व्यापक प्रभावाच्या औषधांनी स्थानिक मित्रकीटक मारले गेले. नियंत्रणाचे कोणते उपाय प्रत्यक्षात शक्य आहेत, याचा विचार हानीच्या मूल्यमापनात करणे म्हणूनच आवश्यक असते.

उपाय आणि त्यामागील तर्क

मूल्यमापनातूनच उपायाची दिशा मिळाली. कीड आली, पण तिचे शत्रू मागे राहिले, हे उद्रेकाचे प्रमुख कारण होते. त्यानुसार बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोच्या तत्कालीन संस्थेने २०१० मध्ये अमेरिकी कृषी विभागाच्या सहकार्याने प्वेर्तो रिकोहून तीन परजीवी मित्रकीटक आयात केले. त्यांच्या सुरक्षिततेच्या चाचण्या झाल्यावर ते संख्यावाढ करून बाधित राज्यांत सोडण्यात आले. त्यांपैकी अॅसेरोफॅगस पपाये हा सर्वाधिक प्रभावी ठरला. जेथे तो स्थिरावला आणि अनावश्यक फवारणी थांबवली गेली, तेथे किडीची संख्या झपाट्याने घटली.

क्षेत्रीय कार्यकर्त्याची भूमिका

जोखमीचे मूल्यमापन प्रयोगशाळेत पूर्ण होत असले, तरी त्यातील पहिली नोंद शेतातूनच येते. त्यासाठी पुढील बाबी पाळाव्यात.

१. अनोळखी कीड दिसताच स्थळ, दिनांक, पीक, झाडाचा बाधित भाग आणि बाधित झाडांचे अंदाजे प्रमाण यांची नोंद करावी व छायाचित्रे घ्यावीत.

२. प्रत्येक पांढरी मेणचट कीड एकच समजू नये. कपाशीवरील पिठ्या ढेकूण ही निराळी प्रजाती आहे. पपईवरील मादी पिवळसर असते, तिच्या कडेचे मेणतंतू आखूड असतात व मद्यार्कात ठेवल्यावर ती निळसर-काळी पडते. तथापि अंतिम ओळख तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी. मित्रकीटक बहुधा ठरावीक प्रजातीवरच जगतात. ओळख चुकल्यास उपायही चुकतो.

३. नमुना ७० टक्के मद्यार्कात ठेवून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे द्यावा. जिवंत कीड अथवा बाधित फांद्या एका गावातून दुसऱ्या गावात नेऊ नयेत.

४. बांधावरील गाजरगवत, जास्वंद व तुतीचीही पाहणी करावी. मुंग्यांची वर्दळ हा कीड दडून असल्याचा सुगावा असू शकतो.

५. ओळख पटण्यापूर्वी व्यापक प्रभावाच्या कीडनाशकाची सरसकट फवारणी करण्याचा सल्ला देऊ नये. मोजकीच झाडे बाधित असल्यास बाधित भाग काढून जागेवरच नष्ट करावा.

६. पाहणीत कीड न आढळल्यास तीही नोंद ठेवावी. किती झाडे पाहिली व कधी पाहिली, हे लिहिल्याशिवाय ‘कीड नाही’ या विधानाला अर्थ राहत नाही.

शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. ‘माहिती नाही’ आणि ‘धोका नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिल्याचा अर्थ दुसऱ्यासारखा लावला गेला, की कीड प्रस्थापित होण्यास अवधी मिळतो आणि एका बागेपुरते निर्मूलन शक्य असण्याचा काळ हातून निघून जातो. त्यानंतर उरते ते अनेक वर्षांचे व्यवस्थापन, आणि त्याचा खर्च अखेर शेतकऱ्यालाच सोसावा लागतो.