त्या फोटोतली बाई

धारवाडात मी घरबसल्या कसुतीच्या भरतकामाच्या ऑर्डरी घेते. २०१९ साली फेसबुकवर खातं उघडलं, पण स्वतःचा चेहरा लावायला मन धजेना. आमच्याकडे बाईच्या हातात मोबाइल आला की घरचे पहिली ताकीद हीच देतात : फोटो टाकू नकोस, कोण कुठं वापरेल सांगता येत नाही. मग नेटवर शोधता शोधता एक फोटो सापडला. काळी चंद्रकळा, पदरावर कसुतीचं गोपूर, अंबाड्यात अबोलीचा गजरा आणि कुणाकडं तरी बघून हसणारी बाई. तोच उचलला नि लावला. नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं, अशीच माझी समजूत होती.

दोन वर्षं काही झालं नाही. मग एका दिवाळीला एक साडी वेळेत पुरी झाली नाही. कसुतीला छापील नक्षी नसते. कापडाचे धागे मोजत सुई चालवायची, गाठ मारायची नाही, आणि गवंतीचा टाका दोन्ही अंगांनी सारखाच दिसला पाहिजे. एक धागा मोजायचा चुकला की सगळी ओळ उसवावी लागते. पण गिऱ्हाइकानं आगाऊ पैसे दिले होते आणि मी तिचे फोन टाळले, ही चूक माझीच. तिनं चिडून माझ्या प्रोफाइलचा फोटो चार-पाच ग्रुपांवर टाकला : ‘या बाईपासून सावध राहा, पैसे घेते आणि माल देत नाही.’

फिरत फिरत तो फोटो बेळगावला पोचला. आठवड्याभरानं फोन आला.

‘ताई, तो फोटो माझा आहे. बहिणीच्या लग्नातला. सासरची माणसं मला विचारतायत, लोकांचे पैसे कधीपासून बुडवायला लागलीस म्हणून.’

तिचा आवाज कापत होता. थोडं थांबून म्हणाली, ‘तुमच्याकडं तुमचा स्वतःचा फोटो नव्हता का हो?’

होता. तो लावायचीच तर भीती वाटत होती. ज्या गोष्टीला मी भ्याले, तीच मी एका अनोळखी बाईच्या पदरात टाकली.

फोटो त्याच संध्याकाळी काढला. गिऱ्हाइकाचे पैसे परत केले, तिला खरं सांगितलं आणि प्रत्येक ग्रुपवर माझ्या नावानिशी खुलासा टाकायला लावला. तरी फोटो जितका पसरला, तितका खुलासा पसरला नाही.

म्हणून माझ्यासारख्या घरून धंदा करणाऱ्या बायकांना कळकळीनं सांगते. चेहरा दाखवायचा नसेल तर दाखवू नका, पण दुसरीचा लावू नका. आपल्या कामाचा फोटो लावा, सुई धरलेला हात लावा. बायका भीतीपोटी चेहरा लावत नाहीत हे ध्यानात घेऊनच फेसबुकनं २०१७ मध्ये प्रोफाइल फोटोला कवच घालायची आणि २०२० मध्ये प्रोफाइलला कुलूप लावायची सोय भारतात आणली. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नेटवरच्या फोटोलाही मालक असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं बहुतेक वेळा तो फोटो काढणाऱ्याचा, आणि पैसे देऊन काढून घेतला असेल तर काढून घेणाऱ्याचा. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फसवायचा माझा हेतू नव्हता, पण ग्रुपवर तो फोटो बघणाऱ्याला हे कुठून कळणार?

तुमचाच फोटो कुणी लावला असेल तर भांडायला जाण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाइलची लिंक जपून ठेवा. मग त्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत जाऊन तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

बेळगावच्या ताईंच्या परवानगीनं तो फोटो मी मोबाइलात ठेवलाय, गूगल लेन्सवर शोधण्यापुरता. महिन्या-दोन महिन्यांनी शोधते. गेल्या वेळी एका स्थळं सुचवणाऱ्या पानावर दिसला. मी ताईंना लिंक पाठवली, त्यांनी तक्रार केली.