काटा नको, चीक बघा

सोलापूरकडच्या आमच्या माळावर जे टोचतं ते सगळं ‘काटेरी’. कोणतं कोण हे कळायला मला निम्मं आयुष्य लागलं.

१. पहिला धडा भाजीच्या टोपलीत मिळाला. ज्वारीच्या कडेनं करडईचे तास होते आणि आजीनं कोवळी करडई खुडून आणायला सांगितलं. मी बांधावरूनच टोपली भरून आणली. तिनं पाल्याकडे पाहिलंही नाही, माझी बोटं पाहिली. हळद लागल्यासारखी पिवळीधमक. टोपली तशीच उकिरड्यावर उपडी झाली, आणि मला दोनदा हात धुवायला लावले. तो पिवळा धोत्रा होता. कोवळी करडई मऊ असते, तिचे काटे पुढे जून झाल्यावर येतात, आणि पान मोडलं तर पिवळा चीक येत नाही. धोत्र्याचं पान निळसर हिरवं, शिरांवर पांढरे पट्टे, आणि लहानपणापासूनच टोचरं.

२. तेव्हापासून शंका आली की देठ मोडतो. पिवळा चीक आला की वाद संपला. हे झाड मूळचं मेक्सिकोचं, अफूच्या कुळातलं. नाव धोत्रा असलं तरी खऱ्या धोत्र्याशी त्याचं नातं नाही. परवा पुतण्याच्या मोबाइलनं पांढऱ्या शिरा पाहून त्याला ‘मिल्क थिसल’ ठरवलं. त्याचीही पानं पांढऱ्या नक्षीची असतात खरी, पण फूल जांभळं आणि गोंड्यासारखं. आमच्या झाडावर फुललं होतं ते सुट्या पाकळ्यांचं, पिवळं. मोबाइलला देठ मोडता येत नाही, त्याला काय बोलणार!

३. उंटकटारी मात्र खरी थिसलची भाऊबंद, करडईच्याच कुळातली. फुलली की लांबूनही चुकत नाही: काट्यांनी भरलेला गोल चेंडू. अडचण फुलण्याआधी होते. तेव्हा पान उलटायचं. पाठ कापसासारखी पांढरी, लवदार. धोत्र्याची तशी नसते. चीक तर नाहीच.

४. भुईरिंगणीला फार वेळ द्यायला नको. जमिनीला चिकटून पसरते, पानाच्या शिरेवरही सरळ पिवळे काटे, फूल वांग्यासारखं जांभळं.

५. धोत्रा बोंडं धरायच्या आत काढावा. बोंड सुकलं की वरून उकलतं आणि काळी बी सांडते, मोहरीसारखी. १९९८ साली दिल्लीत याच बियांच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाली; जलोदरासारखी सूज येऊन साठाहून अधिक माणसं दगावली. ते वाचल्यावर मी दोन्ही बिया तळहातावर घेऊन पाहिल्या. डोळ्यांना फरक चटकन कळला नाही. चिमटीत चोळल्यावर धोत्र्याची खरखरीत लागली, मोहरी गुळगुळीत. आता बोंडं आली असतील तर झाड उपटण्याआधी ती कापून पोत्यात भरतो. उकिरड्यावर टाकत नाही. खतातून ती पुन्हा शेतात येतात. आजीची ती टोपली उकिरड्यावर चालली, कारण तिच्यात नुसता पाला होता.