मधुमेह-प्रतिबंध आणि ग्रामशिक्षक

मधुमेह हा बसून खाणाऱ्या शहरवासीयांचा रोग होय, अशी समजूत खेड्यापाड्यांत अद्याप दृढ आहे. शेतात राबणारा, अंगाने किडकिडीत मनुष्य आपणांस या रोगाचे भय नाही असे मानून निश्चिंत असतो. ही समजूत खरी नाही, याचा पुरावा दूर शोधावयास नको. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. परंतु आपली बालके स्नायूंनी जितकी उणी होती, तितकी चरबीने उणी नव्हती. दिसावयास कृश आणि आत चरबी राखून असलेली ही शरीराची ठेवण पुढे मधुमेहास अनुकूल ठरते. यास्तव नुसत्या डोळ्यांनी पाहून 'याला काय होणार?' असे म्हणणे धोक्याचे आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत देशातील मधुमेही १० कोटींहून अधिक आणि रोगाच्या उंबरठ्यावरील माणसे १३ कोटींहून अधिक असल्याचा अंदाज निघाला. प्रतिबंधाचे कार्य आहे ते मुख्यतः या दुसऱ्या वर्गात. चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन यांच्या प्रयोगात अशा माणसांना केवळ योग्य आहार व नियमित चालणे यांचे मार्गदर्शन केले, तेव्हा तीन वर्षांत रोग जडण्याचे प्रमाण शेकडा ५५ वरून ३९ वर आले. रोग सर्वस्वी टळतो असे नव्हे; पण एवढेही थोडे नाही.

गावात या कामाचा भार आशा स्वयंसेविकेवर आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचे वय, कमरेचा घेर, तंबाखूची सवय, आईवडिलांचा रोग, अंगमेहनत यांची ती नोंद करते व रक्त तपासण्यासाठी उपकेंद्रात येण्यास सांगते. पुष्कळ घरांतून तिला 'आम्हाला काही दुखत नाही' असे उत्तर मिळते. न दुखणे हेच तर या रोगाचे आरंभीचे लक्षण! शिक्षकाने औषध सांगू नये, चालू असलेले औषध बंद करण्याचा सल्ला तर मुळीच देऊ नये. पालकसभेत सर्वांसमक्ष स्वतःची कंबर मोजून घ्यावी. पुरुषास ९० व स्त्रीस ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेल्यास तपासणी लांबणीवर टाकू नये, हे सांगावे आणि दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या रांगेत स्वतः उभे राहावे. स्त्रियांचे माप मात्र आशाताईंनी घरात घ्यावे, ते चावडीवरचे काम नव्हे.

सोलापूर जिल्ह्यात आहाराविषयी बोलताना विशेष सावधगिरी हवी. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान योग्यच. पण 'भाकरी खाणाऱ्याला साखर होत नाही' हे खरे नव्हे. ज्वारीतही पिष्ट आहे. उसळ, पालेभाजी, शेंगाची चटणी यांच्यासह दीड-दोन भाकरी निराळी आणि पातळ कालवणात कुस्करलेल्या चार भाकरी निराळ्या. गुळाचेही तसेच. उसाच्या या मुलखात गूळ निर्दोष मानला जातो, परंतु रक्तातील साखर वाढविण्यात तो साखरेचा सख्खा भाऊ आहे.

चहाचा हिशेब वर्गात घालता येतो. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. दिवसाला पाच कप झाल्यास ५० ग्रॅम. तीस दिवसांत दीड किलो, आणि चार मोठी माणसे असलेल्या घरात सहा किलो. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाचवीचा विद्यार्थी हे गणित करून घरी नेतो, तेव्हा ते व्याख्यानापेक्षा अधिक ऐकले जाते. १४ नोव्हेंबर हा दिवस त्यास साजेसा: तो बालदिन आहे, तसाच इन्सुलिनचे एक संशोधक फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिन म्हणून जागतिक मधुमेह दिनही आहे. कोणत्या घरात किती चहा होतो, हे मात्र वर्गात वाचून दाखवू नये.

येथे एक भेद विसरता कामा नये. मुलांना बहुधा होणारा मधुमेह वेगळ्या प्रकारचा असतो. शरीरातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि पथ्याने टळतही नाही. ज्याने गावाला साखरेविरुद्ध उपदेश केला, त्याच शिक्षकाच्या बोलण्याचा आधार घेऊन शेजारीण अशा मुलाच्या आईला दोष देईल, हे ध्यानात ठेवावे. वारंवार पाणी मागणारे, तासाला दोनदा लघवीस जाणारे, पोटभर जेवूनही महिनाभरात खंगलेले मूल वर्गात दिसले, तर त्यास चुकार म्हणून दटावू नये. त्याच दिवशी पालकांना बोलावून प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडावे. अशा मुलाच्या बाबतीत आठवड्याचा विलंबही जिवावर बेततो.

इन्सुलिन घेणारे मूल शाळेत असेल, तर त्यास वेळेवर खाऊ द्यावे, मग तास चालू असला तरी. त्यास एकाएकी घाम सुटला, हातपाय कापू लागले, बोलणे अडखळले, तर रक्तातील साखर उतरली असे समजून, ते शुद्धीवर असेतो तत्काळ साखर किंवा गूळ खाण्यास द्यावा. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता कुशीवर निजवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. यासाठी शिक्षकाच्या टेबलाच्या खणात साखरेची एक पुडी नेहमी असावी.