बाटली हलवून घ्या – पण कशासाठी?

लहान मुलांच्या पातळ औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते : 'वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा.' पूर्वी दवाखान्यांत कंपाउंडर बाटलीला खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवून मिक्श्चर देत, तेव्हा तेही हीच गोष्ट तोंडी बजावत. घराघरांतून ही सूचना बहुधा विसरली जाते. वाचली तरी एक उपचार म्हणून बाटली एकदा तिरपी केली जाते आणि झाकण उघडले जाते. या सूचनेमागे पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम आहे आणि तो मोडला तर मुलाला चुकीची मात्रा मिळते.

प्रथम हे पाहू, की औषध मुळात हलवावे का लागते. लिंबाच्या सरबतात विरघळलेली साखर कितीही वेळ ठेवली तरी तळाशी जात नाही. जिरेपूड घातलेल्या ताकाचे मात्र तसे नाही. शेवटच्या घोटात सगळी पूड तोंडात येते, हा तुमचा नेहमीचा अनुभव आहे. पुष्कळ औषधे पाण्यात फारशी विरघळत नाहीत. काही विरघळतात, पण मग इतकी कडू लागतात की मूल ती थुंकून टाकते. काही पाण्यात विरघळली की लवकर बिघडतात. लहान मुलाला गोळी गिळता येत नाही. म्हणून औषधाची अतिशय बारीक पूड करून ती द्रवात मिसळून देतात. अशा मिश्रणाला निलंबन म्हणतात. (नोकरीतल्या निलंबनाशी याचा संबंध नाही, येथे कण द्रवात लोंबकळत असतात एवढेच.)

आता यातल्या एका कणाचा विचार करा. त्याचे वजन त्याला खाली ओढते. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे द्रव त्याला वर लोटतो. कण खाली सरकू लागला की द्रवाचा चिकटपणा, म्हणजेच श्यानता, त्याच्या गतीला विरोध करते. वेग वाढेल तसा हा विरोध वाढतो. थोड्याच वेळात तिन्ही बलांचा हिशेब जुळतो आणि कण एका ठरावीक वेगाने खाली जात राहतो. हा त्याचा अंतिम वेग. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे गणित मांडले. गंमत अशी, की स्टोक्सच्या डोळ्यांपुढे औषध नव्हते. हवेमुळे लंबकाच्या आंदोलनांवर काय परिणाम होतो, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे सूत्र शब्दांत असे :

अंतिम वेग = २/९ × (कणाची घनता – द्रवाची घनता) × गुरुत्वत्वरण × त्रिज्येचा वर्ग ÷ द्रवाची श्यानता

सूत्र पाठ करून थांबू नका, त्यात आकडे घाला. समजा, कणाचा व्यास २० मायक्रोमीटर आहे, म्हणजे त्रिज्या १० मायक्रोमीटर. औषधाची घनता दर घनमीटरला १,३०० किलोग्रॅम धरा, पाण्याची १,०००. २० अंश सेल्सियसला पाण्याची श्यानता ०.००१ पास्कल-सेकंद असते. उत्तर येते सेकंदाला सुमारे ०.०६५ मिलिमीटर. वेग क्षुल्लक वाटतो. पण बाटलीतल्या औषधाची उंची ८ सेंटिमीटर असेल, तर सर्वांत वरचा कण तळाशी पोचायला केवळ २० मिनिटे लागतात! सकाळी हलवलेली बाटली दुपारी पुन्हा का हलवायची, याचे उत्तर या २० मिनिटांत आहे. (शिक्षकांसाठी : हे सूत्र एकट्या, गोल आणि सावकाश पडणाऱ्या कणासाठी आहे. बाटलीत कणांची गर्दी असते आणि ते एकमेकांच्या आड येतात. त्यामुळे प्रत्यक्ष वेग यापेक्षा कमी असतो.)

बाटली न हलवल्यास काय होईल? ६० मिलिलिटरची बाटली घ्या. ५ मिलिलिटरच्या एका चमच्यात १२५ मिलिग्रॅम औषध असावे, म्हणजे १२ चमच्यांत १,५०० मिलिग्रॅम. समजा, खाली बसता बसता वरच्या अर्ध्या भागात ३०० मिलिग्रॅमच उरले. मग पहिल्या ६ चमच्यांत प्रत्येकी ५० मिलिग्रॅम औषध जाईल आणि शेवटच्या ६ चमच्यांत प्रत्येकी २०० मिलिग्रॅम. सरासरी काढली तर बरोबर १२५ येते! परंतु शरीर सरासरी काढत बसत नाही. औषध जंतुनाशक असेल, तर पहिले दोन दिवस जंतूंना मोकळे रान मिळते. अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधाच्या बाबतीत गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याची उपयोगी मात्रा आणि बाधक मात्रा यांत फार थोडे अंतर असते. शिवाय एका मर्यादेनंतर मात्रा किंचित वाढवली तरी रक्तातले प्रमाण एकदम चढते. अशा मुलाला बाटलीच्या सुरुवातीला झटके येऊ शकतात आणि त्याच बाटलीच्या अखेरीस तोल जाणे, गुंगी येणे अशी बाधेची लक्षणे दिसू शकतात.

औषध तयार करणाऱ्याच्या हाती उपाय कोणते, हे सूत्रच सांगते. त्रिज्येचा वर्ग आहे, म्हणून कणाचा व्यास २० ऐवजी २ मायक्रोमीटर केला की वेग शंभरपट घटतो. २० मिनिटांचे ३४ तास होतात. त्यावर डिंकासारखा पदार्थ घालून श्यानता पन्नासपट केली, तर ७० दिवस. साखरेचा दाट पाक एका दगडात दोन पक्षी मारतो. १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅम साखर असलेला पाक पाण्याच्या पन्नासपटींहून अधिक श्यान असतोच, शिवाय त्याची घनता १,२९० च्या आसपास, म्हणजे औषधाच्या घनतेच्या अगदी जवळ जाते. कंसातला फरक शून्याकडे गेला की पडणे जवळजवळ थांबते. मात्र इतके गोड औषध दातांना वाईट, मधुमेह्यांना निषिद्ध, आणि बाटलीचे बूच साखरेने घट्ट बसते ते वेगळेच.

श्यानता तापमानावर अवलंबून असते हेही विसरू नका. ४० अंशांना पाण्याची श्यानता २० अंशांच्या तुलनेत दोन-तृतीयांशच उरते. नागपूरच्या मे महिन्यात तोच कण दीडपट वेगाने खाली बसेल.

हे सारे वर्गात पाहता येते. खडूची वस्त्रगाळ पूड चमचाभर घेऊन दोन सारख्या बाटल्यांत घाला. एकीत पाणी, दुसरीत समभाग साखर-पाण्याचा गार पाक भरा. दोन्ही हलवून शेजारी ठेवा आणि वरचा थर निवळायला लागणारा वेळ घड्याळावर मोजा. पाकात निदान पंधरापट वेळ लागावा. तुमचा आकडा वेगळा आला तर कारण शोधा. खडूचे कण एकमेकांना चिकटतात, हे एक कारण मी सांगून ठेवतो.

या चिकटण्यातच विषयाची खरी खुबी आहे. कण बारीक केले, दाट द्रवात ठेवले, म्हणजे काम संपले असे वाटेल. तसे नाही. बारीक कणांवर सारखाच विद्युत्‌भार असला तर ते एकमेकांना दूर लोटतात, सुटे राहतात आणि सावकाश खाली जातात. पण तळाशी पोचल्यावर हेच सुटे कण एकमेकांच्या फटींत अचूक बसतात आणि त्यांची घट्ट वडी बनते. मग बाटली कितीही हलवा, ती सुटत नाही. म्हणून औषध बनवणारे पुष्कळदा उलट वाट धरतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीच्या कणांवरचा भार नाहीसा होतो, त्यांचे पुंजके होतात व पाणी निवळते. तसेच थोडासा क्षार घालून औषधाच्या कणांचे सैल, कापसासारखे पुंजके होऊ देतात. हे पुंजके लवकर खाली बसतात, पण तळाशी पोकळ रचून राहतात आणि चार हिसक्यांत वर उठतात. वर निवळ पाणी दिसणारी बाटली खराब झाली असे ग्राहकाला वाटते. पुष्कळदा तीच अधिक भरवशाची असते!

बाटली गळ्यापर्यंत भरलेली नसते, तीही काटकसर नव्हे. वरची हवा नसेल तर आतला द्रव हलणारच नाही. बाटली उलटी-सुलटी करून दहा-पंधरा वेळा हलवावी आणि उजेडात तळ पाहावा. तेथे वडी चिकटून राहिली असेल, तर ते औषध मुलाला देऊ नये. दुकानदाराला दाखवून बदलून घ्यावे.