खेळातील खेळते भांडवल

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची ‘खेळते भांडवल’ या संज्ञेशी लवकरच ओळख होते. धंद्यात रक्कम किती गुंतली आहे एवढे पाहून भागत नाही. ती किती वेळा फिरून हाती येते, हेही पाहावे लागते. भाजीवाल्याचे भांडवल थोडे, पण ते रोज फिरते. सराफाचे मोठे, पण ते महिनोन् महिने कपाटात पडून राहते. दोघांची तुलना नुसत्या रकमेवरून करणारा चुकेल. प्रस्तुत लेखात हेच तत्त्व एका खेळाला लावून पाहावयाचे आहे.

खेळाचे स्वरूप

टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांची सुरुवात अमेरिकेत झाली. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभे करतो आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. पात्रांचे योद्धा, मांत्रिक असे वर्ग असतात. ही सारी पात्रे एकाच बाजूची असतात. त्यामुळे येथे समतोल म्हणजे कोण कोणाला हरवतो हे नव्हे. चार तास टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला आपल्या पात्राचे काम पडले असे वाटावे, हा खरा समतोल. तो बिघडला की एकजण खेळतो आणि बाकीचे बघत बसतात.

साठा आणि भरणा

मांत्रिकाचे मंत्र मोजके असतात, तर योद्ध्याची तलवार कधी संपत नाही. या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील आकडे घेऊ. पाचव्या पातळीच्या मांत्रिकाला दिवसाला नऊ मंत्र टाकता येतात: चार पहिल्या प्रतीचे, तीन दुसऱ्या आणि दोन तिसऱ्या प्रतीचे. हा साठा साधारणपणे आठ तासांच्या पूर्ण विश्रांतीनंतरच भरतो. त्याच पातळीच्या ‘वॉरलॉक’ या दुसऱ्या प्रकारच्या मांत्रिकाजवळ अवघे दोन मंत्र असतात. मात्र ते दोन्ही तिसऱ्या प्रतीचे, आणि तासाभराच्या अल्प विश्रांतीने पुन्हा भरणारे.

वरवर पाहता नऊ आणि दोन ही तुलना अन्यायाची वाटेल. परंतु दिवसात दोन अल्प विश्रांती मिळाल्या, तर वॉरलॉकचे मंत्र सहा होतात, आणि सहाही उंची प्रतीचे. एकही मिळाली नाही, तर तो दोनवरच अडकतो. म्हणजे वर्गाचे बळ साठ्याच्या आकड्यात नसून भरण्याच्या वेगात आहे, आणि तो वेग सूत्रधाराच्या हाती आहे.

त्या आवृत्तीच्या मार्गदर्शक ग्रंथात दिवसाला सहा ते आठ मध्यम वा कठीण झुंजी गृहीत धरल्या आहेत. तेवढ्या झाल्या, तर मांत्रिकाच्या वाट्याला दर झुंजीस एखाददुसरा मंत्र येतो, आणि उरलेले काम योद्ध्याच्या तलवारीला करावे लागते. पण दिवसाला एकच झुंज ठेवली, तर मांत्रिक हात राखून कशाला ठेवील? मोठे मंत्र तो एकामागून एक उधळतो, आणि योद्धा म्यान चाचपत उभा राहतो. नियम तेच, साठा तोच. दिवस बदलला, म्हणून तोल गेला.

सारखेपणाचा उपाय

यावर सोपा उपाय सुचतो तो सर्वांना सारखेच देण्याचा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत हा प्रयोग झाला. बहुतेक वर्गांना एकाच साच्याच्या शक्ती दिल्या: काही केव्हाही वापरण्याच्या, काही झुंजीत एकदा, काही दिवसात एकदा. हिशोब नीट जमला, पण सगळे वर्ग एकसारखेच भासतात अशी तक्रार पुष्कळ खेळाडूंनी केली.

सारख्या वाटणीचे उदाहरण आपल्या इतिहासातही आहे. माळव्यात धार व देवास ही पवार घराण्याची संस्थाने. देवासला तुकोजी व जिवाजी या बंधूंपासून थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार! ही व्यवस्था १९४८ मध्ये मध्य भारतात विलीनीकरण होईपर्यंत चालली. वाटणी झाली, पण कामाची विभागणी झाली नाही. वरखर्च मात्र दुप्पट झाला. खेळातही एकाच साच्याचे दोन वर्ग केले, की दुसऱ्याची गरज राहत नाही.

शिलेदार आणि बारगीर

वेगळेपण राखून तोल कसा साधावा, याचा नमुना मराठी घोडदळातच आहे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई, म्हणून त्याचा मोबदला अधिक. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, म्हणून त्याचा पगार कमी. शिवकाळात पागेतील दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. म्हणजे घोड्याची देखभालही सरकारच्या अंगावर होती.

आता माळव्याच्या मोहिमेवर खेळ रचावयाचा आहे असे समजू. आकडे काल्पनिक घेऊ. शिलेदाराला महिना आठ नाणी, त्यातली तीन दाणावैरणीला जाऊन उरली पाच. बारगिराला निव्वळ तीन. नवा घोडा वीस नाण्यांचा. शिलेदाराची जास्तीची बचत महिना दोन. म्हणजे घोडा दहा महिने टिकला, तर दोघे बरोबरीत. त्याआधी मेला, तर बारगीर फायद्यात. जास्त जगला, तर शिलेदार. हा आपला ना-नफा-ना-तोटा बिंदू.

दर महिन्याला मोठी लढाई लावणारा सूत्रधार शिलेदाराला कर्जात बुडवील. नुसत्या कूच-मुक्कामात वर्ष काढणारा बारगिराला दुय्यम ठरवील. शिवाय दोघांचे वागणेही आपोआप निराळे होते. घोडा हेच ज्याचे भांडवल, तो त्याला जपूनच पुढे घालणार. नियमाने न सांगता पात्राला स्वभाव येतो, ही या रचनेची खरी कमाई.

तिसरा वर्ग पेंढाऱ्यांचा. त्यांना पगार नसे. फौजेबरोबर फिरून लुटीवर ते जगत. खेळात हा वर्ग फुकट साठ्याचा वाटतो. पण लुटलेले गाव पुढच्या साली महसूल देणार नाही असा नियम घातला, की त्याच्या लुटीचा बोजा शिलेदार-बारगिरांच्या पगारावर पडतो. साठा भरतो हे खरे, पण कोणाच्या खिशातून, हेही विचारले पाहिजे.

भरणा थांबला तर

पानिपतावर नोव्हेंबर १७६० पासून मराठी छावणीची रसद हळूहळू तुटत गेली. धान्य संपले, वैरण संपली, जनावरे मेली. पागेत घोडाच उरला नाही, तेव्हा बारगिराचा आधार गेला. बाजारच उरला नाही, तेव्हा शिलेदाराच्या नाण्यांना किंमत राहिली नाही. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत धारचे यशवंतराव पवारही पडले. भरण्याच्या वाटा कागदावर निराळ्या असल्या, तरी त्यांचे मूळ एकच असेल, तर संकटात सारे वर्ग एकदमच कोसळतात. म्हणून एखादा भरणा छावणीबाहेरून, एखादा पात्राच्या कसबातून, असा वेगवेगळ्या ठिकाणाहून यावा. आणि वाट बंद होणार असेल, तर तिची चाहूल खेळाडूंना आधी लागावी. म्हणजे निर्णय त्यांचा राहतो.

समारोप

सारांश, नवा वर्ग रचताना चार प्रश्न विचारावेत. साठा किती? तो केव्हा भरतो? कोणाच्या जिवावर भरतो? आणि भरला नाही, तर पात्राच्या हाती काय उरते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळते, म्हणून बहुतेक जण तेथेच थांबतात. ताळेबंद एका दिवसाचे चित्र दाखवतो. धंदा चालतो की नाही हे कळायला वर्षभराची उलाढाल पाहावी लागते. खेळाचेही तसेच आहे.